आप्पांच्या पानाची डावी बाजू

दिल्लीच्या द्वारकेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सुखदाइतकी खमकी बाई मी दुसरी पाहिली नाही. मेट्रो अजून यायची होती, पाणी टँकरनं यायचं आणि नवरा नीरज गुडगावच्या ऑफिसात अडकलेला. टँकरवाल्याशी हिंदीत भांडून ती अख्ख्या जिन्याचं पाणी मिळवायची. भांडण तिचं, पाणी आमचं.

तिचे सासरे मुरलीधरआप्पा पुण्याहून येऊन इथंच रुळले होते. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून चालते-बोलते झाले, आणि मग दुष्काळात तेरावा महिना! जेवायला बसले की कुरकुर सुरू. "चटणी नाही, कोशिंबीर नाही. मीठसुद्धा वाढू नये?" सगळं पानात डावीकडे, रीतीप्रमाणे, वाढलेलंच असायचं. शेवटी त्यांनी पुण्याला लेकीला फोन केला, सून मला अर्धपोटी ठेवते म्हणून. विजयाताईंनी कळवलं, येते आणि आप्पांना घेऊन जाते.

सुखदा माझ्याकडे येऊन रडली. "नाव वाईट झालं तर होऊ दे यार, पण मी त्यांना पाठवणार नाही. माझ्या बापानं केली नाही एवढी माया यांनी केलीय." रडून झाल्यावर मात्र तिनं त्यांचं ताट नीट पाहिलं. भाजी-आमटी संपलेली. भाताची मूद उजवीकडून खाल्लेली, डावा अर्धा भाग जसाच्या तसा. मुद्दाम छळणारा माणूस भात असा खात नाही, हे तिला तिथंच पटलं.

डॉक्टर म्हणाले, "आँखें बिल्कुल ठीक हैं. दिमाग ने बायीं तरफ की दुनिया छोड़ दी है." झटक्यामुळे डावीकडचं डोळ्यांना दिसतं, पण मेंदू ते धरतच नाही, आणि काही सुटलंय हेही आप्पांना कळत नाही. मान वळवून दाखवत राहायचं, हळूहळू सुधारेल. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती! मी म्हटलं, फोन करून सांग. ती म्हणाली, "नुसतं सांगून मलाच पटलं नसतं. येऊ देत, बघू देत."

विजयाताई आल्या तेव्हा आप्पा झोपले होते. "मला त्यांचं पान बघायचंय," एवढंच म्हणून त्या टेबलाशी, आप्पांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला बसल्या. सुखदानं त्यांच्यादेखत सगळं वाढलं. आप्पा येऊन बसले आणि जेवू लागले.

"आजही चटणी नाही," ते म्हणाले. मग सुखदाकडे बघून, "विजू येणार होती ना गं? अजून कशी आली नाही?"

हातभर अंतरावर बसलेल्या विजयाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. सुखदानं आप्पांची हनुवटी अलगद धरून डावीकडे वळवली.

"अगं, तू कधी आलीस?" आप्पा खुलले. मग पानाकडे बघून लेकीच्या कानाशी वाकले. "बघितलंस? तू आलीस म्हणून आज चटणी वाढली हिनं!"

सुखदाला हसू आवरेना. विजयाताईंना मात्र रडू फुटलं. "सुखदा," त्या म्हणाल्या, "आप्पांना तूच ठेवून घे गं."