पाळण्याला लावलेली किंमत

माझ्या लाडक्या दोघांनो,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, की घर बदलायच्या आधी तुम्ही एका मैदानात गाडी उभी करून, डिकी उघडून जुनं सामान विकणार आहात. तुमच्याकडे असा बाजारच भरतो म्हणे. वर विचारलंत, "आजी, तुला कळतंय ना आम्ही काय म्हणतोय ते?" मी नुसती हसले, कारण फोनवर एवढं सगळं सांगून झालं नसतं. आता तुमचा बाजार भरायच्या आत हे हाती पडावं म्हणून लगेच लिहायला बसले आहे. मला उत्तम कळतंय. नव्वदच्या दशकात, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, मी आमच्या जुन्या फियाटची डिकी उघडून अर्धा संसार विकला आहे.

तुमचे आजोबा तेव्हा रोह्याच्या एका कारखान्यातून निवृत्त होत होते. कंपनीची क्वार्टर सोडून आम्हाला पेणला, रामवाडीत घेतलेल्या दोन खोल्यांत जायचं होतं. सामान मात्र चार खोल्यांचं. आजोबांनी नियम घातला: एक टेम्पो, एक खेप. टेम्पोत न मावणारं सोमवारी सकाळी भंगारवाल्याचं. त्याला त्यांनी सांगूनही टाकलं होतं.

आणि न मावणाऱ्यात पहिलं नाव होतं माझ्या टेबलाचं. मी कॉलेजात गेले तेव्हा माझ्या वडिलांनी सुताराला घरी बसवून करून घेतलेलं, सागवानी, दोन्ही बाजूंना खण असलेलं. त्याच टेबलावर मी इंग्रजीच्या वह्या तपासत आले. "बाकीचं मोठं सामान हललं तर टेबल येईल," आजोबा म्हणाले. "नाहीतर दोन खोल्यांत आपण राहायचं की टेबलानं?"

मग मी पदर खोचला. शनिवारी क्वार्टरसमोरच सतरंजी अंथरली, सामान जातवारीनं मांडलं आणि प्रत्येक वस्तूला सुबक अक्षरात किमतीची चिठ्ठी चिकटवली. थोड्याच वेळात शेजारणी आल्या. कुणी चिठ्ठ्या वाचेना. एकीनं माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "वहिनी, घरात सगळं ठीक आहे ना?" दुसरी घरी जाऊन चहाचा थर्मास घेऊन आली. तिचा नवरा आजोबांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, अडचण असेल तर सांगा. लाजू नका." आजोबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. संध्याकाळपर्यंत एक चमचा विकला गेला नाही, उलट आमच्याकडे दुसऱ्याचा थर्मास जास्त झाला.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: ओळखीच्या गल्लीत विकायला बसू नका. ओळखीची माणसं सामान बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात.

रात्री विचार केला, सामान लागतं कुणाला? ज्यांचा संसार नवा आहे त्यांना. वरश्याला तेव्हा नव्या इमारती उभ्या राहत होत्या. कंपन्यांमध्ये शिफ्टला लागलेली मुलं लग्न करून तिथे बिऱ्हाडं थाटत होती. रविवारी सकाळी आम्ही फियाट खच्चून भरली. वर कॅरिअरला लाकडी पाळणा उलटा करून बांधला, त्याचा स्टँड शेजारी. गाडी मला चालवता येत नव्हती, म्हणून आजोबा आले. "पण मी खाली उतरणार नाही," त्यांनी बजावलं आणि स्टिअरिंगवर वर्तमानपत्र उघडलं.

इमारतींच्या मध्ये मोकळी जागा होती. डिकी उघडली, मागची सीट काढून तिच्यावर सामान मांडायला घेतलं आणि माणसं जमू लागली. चिठ्ठ्या मी आदल्या रात्री सगळ्या काढून टाकल्या होत्या. फक्त पाळण्याची राहिली, ती नजरेतून सुटल्यामुळे. चिठ्ठी असली की गिऱ्हाईक वाचतं आणि पुढे जातं. नसली की विचारतं, "कितीला?" आणि एकदा विचारलं की बोलणं सुरू होतं.

पण खरी जादू रेडिओनं केली. एका मुलानं तो उचलून विचारलं, "चालतो का?" मी म्हणाले, "उत्तम." त्यानं तो ठेवून दिला. इतक्यात गाडीतून आवाज आला, "उत्तम काय? त्याचं बटण अडकतं. डाव्या बाजूला एक टपली मारावी लागते." आजोबा वर्तमानपत्र टाकून उतरलेच. खिशातल्या सेलवर रेडिओ लावून दाखवला, टपली मारून दाखवली, आम्ही कोणत्या पावसाळ्यात त्यावर काय ऐकलं तेही सांगितलं. मुलगा हसत हसत रेडिओ घेऊन गेला, जाताना टपलीचा सराव करत.

तर दुसरी गोष्ट ही: खोट आधी सांगा. मग उरलेल्या गुणांवर माणूस विश्वास ठेवतो.

त्यानंतर आजोबा काही गाडीत बसले नाहीत. टेबलफॅन गेला, लोखंडी खाट गेली (ती घरून नेण्याच्या बोलीवर), पितळी पातेली, शेगडी, खुर्च्या. "घ्या ताई, या खुर्चीवर बसून मी कितीतरी वेळा बोलणी खाल्ली आहेत," असं सांगून त्यांनी माझ्यादेखत एक खुर्ची खपवली. तुम्ही मात्र झाकणं भांड्यांना सुतळीनं बांधून न्या हं. एका बाईंनी स्टीलचा डबा घेतला, त्याचं झाकण शोधता शोधता कळलं की त्यात आमचे न्याहारीचे पोहे होते. "पोह्यांसकट देतोय," आजोबा म्हणाले. मग दुपारपर्यंत आम्ही दोघं उपाशी.

ऊन चढलं तेव्हा गाडी रिकामी झाली होती. उरला फक्त पाळणा. आणि तो जाईना. स्टँडसकट तो टेम्पोत बरोबर टेबलाएवढी जागा घेणार होता. भंगारवाल्याला पाळणा द्यायला आजोबांचा हात धजला नसता, हे मी जाणून होते. म्हणजे जाणार होतं ते टेबल.

बायका येत, पाळण्याला हात लावत, चिठ्ठी बघत आणि निघून जात. एक पोटुशी मुलगी आपल्या सासूबरोबर तिसऱ्यांदा आली. मला वाटलं, किंमत जास्त वाटत असेल. मी म्हणाले, "अर्ध्या किमतीत देते."

सासू भडकलीच. "कमी काय करताय बाई? पोराचा पालना हाय, भाजी नाय."

मी आणखी कमी करणार होते, तेवढ्यात आजोबांनी मला कोपरखळी मारली.

"आनि उलटा बांधून आनलात," ती पुढे म्हणाली. "रिकामा. आमी बघितला."

"वाऱ्यासाठी," आजोबा पुटपुटले.

ती जवळ आली, पाळण्याच्या कठड्यावरून हात फिरवला. "यात कोन वाढलं?"

"माझ्या दोन मुली," मी म्हणाले.

"बऱ्या हायत?"

"एकीचं लग्न झालं. धाकटी कॉलेजात आहे, वाद घालते."

"वाद घालते म्हंजे बरी हाय." तिनं चिठ्ठी नखानं सोलून काढली आणि माझ्या हातात ठेवली. "पैशानं पालना कोन घेतंय गो बाय? ज्या घरात पोरं चांगली वाढली, तिथनं मागून न्हेतात. आमी मागतोय. देताव का?"

एवढी इंग्रजी शिकलेली मी, आणि जी वस्तू नुसती मागितली की द्यायची, तिला किंमत लावून सकाळपासून उन्हात उभी होते. मी मान डोलावली. डोळ्यांसमोर टेम्पोत चढलेलं टेबल दिसायला लागलं होतं.

पण लगेच तिनं विचारलं, "मग परत कुठं आनून देऊ?" तो परत आला तर दोन खोल्यांत ठेवायचा कुठे? मागून नेलेली वस्तू परत करायचीच, त्यावर ती ठाम होती.

"पेणला नका आणू," मी घाईनं म्हणाले. "तुमचं काम झालं की पुढे जी मागेल तिला द्या. तीच परतफेड."

तिनं थोडा विचार केला. "व्हय. पन रिकामा नाय देनार." सुनेला दुकानातून नारळ आणायला पाठवलं. तो मी पाळण्यात ठेवला आणि मगच त्यांनी पाळणा उचलला. आजोबांनी एक बाजू धरली आणि जिना चढून वर पोहोचवून आले. उतरले ते घामाघूम आणि खूश. "चला," म्हणाले, "तुमच्या टेबलाचं तिकीट निघालं."

सोमवारी भंगारवाला आला, त्याला दोन फुटके माठ आणि एक वाकडी बादली मिळाली. टेम्पोत टेबल चारी पाय वर करून चढलं. आम्ही मागून फियाटमध्ये. वाटेत खांब गावी चहाला थांबलो तेव्हा मी दोनदा उठून दोर तपासून आले. आजोबा म्हणाले, "पळून नाही जात ते."

तुम्हाला आणखी पुष्कळ सांगता येईल: सुट्टे पैसे आणि जुनी वर्तमानपत्रं बरोबर ठेवा, चांगली वस्तू पुढे मांडा, लहान मुलांना द्यायला काहीतरी फुकट असू द्या, आणि खाण्याचा डबा वेगळा ठेवा. पण आधी घरी बसून ठरवा, कोणती वस्तू विकायची आणि कोणती नुसती देऊन टाकायची. चिठ्ठी लावायच्या आधी.

आजोबा आता नाहीत. फियाटही गेली. पाळणा वरश्याहून कितीतरी घरं फिरला, दोर नवे झाले, आणि गेल्या वर्षी तो खांबला एका घरी असल्याचं कळलं. तुमची आई त्यातच वाढली. टेबल इथे रामवाडीत आहे, खिडकीशी. हे त्याच्यावरच लिहिलं.