पार्किंगमध्ये बसलेल्या सासूबाई

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्टमध्ये दार पायानं अडवून गप्पा मारणारे, मेट्रोत मोबाइलचा स्पीकर लावून गावाकडची भांडणं मिटवणारे, ऐन दुपारी डोक्यावरच्या मजल्यावर कपाट सरकवणारे, हे सगळेच माझ्या डोक्यात जातात. पण पहिला नंबर कुणाचा, तर गाडी यायच्या आधी पार्किंगमध्ये माणूस उभा करणाऱ्यांचा.

आम्ही आखातात, करामा नावाच्या वस्तीत राहतो. जुन्या बुटक्या इमारती, खाली दुकानं नि खानावळी, आणि संध्याकाळ झाली की गाडी लावायला जागा औषधालाही मिळत नाही. मी रास अल खोरला एका गोदामात सुपरवायझर आहे. दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालून घरी यावं, इमारतीभोवती चकरा मारत राहावं, शेवटी एकदाची रिकामी जागा दिसावी, इंडिकेटर द्यावा, आणि तिथं कुणीतरी हात पसरून उभं असावं. "भाईसाब, गाड़ी आ रही है." कुठून, म्हणून विचारावं तर गाडी अजून शारजाहून निघायची असते.

शेजारच्या इमारतीतल्या एकाशी तर माझं चांगलंच वाजलं होतं. पेशावरकडचा उंचापुरा माणूस, पांढरी भलीमोठी गाडी. त्याचा भाऊ त्याच्यासाठी जागा अडवून उभा राहायचा. एकदा मी हट्टानं गाडी पुढं पुढं नेत त्या भावाच्या गुडघ्यापर्यंत आणली, तेवढ्यात हा पोचला. मी काच खाली करून त्याला माझ्या हिंदीत ऐकवलं की जागा गाडीची असते, माणसाची नसते, आणि ज्याची गाडी आधी त्याची जागा. तो म्हणाला, "हबीबी, आराम से." झालं, माझ्या अंगाचा तिळपापड. तेव्हापासून आम्ही एकमेकांकडे बघणं सोडलं होतं.

मग बायकोला दिवस गेले, दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी ती माहेरी, तासगावला गेली होती. रीतच तशी. मला रजा मिळाली नाही. मेव्हण्यानं दवाखान्याच्या व्हरांड्यातून व्हिडिओ कॉल लावला आणि मी इथं गोदामात खोक्यांच्या मागं उभा राहून कान देत होतो. चित्र अडकलं, आवाज तुटला, आणि त्यातून जे ऐकू आलं ते माझ्या मुलीचं रडणं होतं की दुसऱ्या कुणाच्या बाळाचं, हे मला आजतागायत माहीत नाही. ती मुलगी आता दुसरीत आहे. म्हणून या वेळी मी हट्टच धरला. बाळंतपण इथंच करायचं आणि मी खोलीत हजर राहायचं.

"बघू, वेळेवर पोचलास तर," बायको म्हणाली. ती मला पुरती ओळखते.

सासूबाई मदतीला आल्या, व्हिजिट व्हिसावर. आल्या आल्या त्यांनी घर ताब्यात घेतलं, आणि जावई रोज फणफणत उशिरा का येतो याची चौकशी केली. मी सांगितलं की गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत यावं लागतं. आता तर दिवस भरत आलेत, वेळीअवेळी कळा सुरू झाल्या तर गाडी दाराशी हवी, त्याचाच घोर आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळलो तर आमच्या दारासमोरच्या रिकाम्या जागेत सासूबाई. स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं बुटकं स्टूल, मांडीवर परात, परातीत मेथी. जानेवारीची छान हवा होती. समोर एक टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि या निवांत पानं खुडत होत्या. मला बघून उठल्या, स्टूल काखेत मारलं आणि हातवारे करत मला आत घेतलं. वर गच्चीतून, सज्जांतून लोक बघत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आई, असं इथं करायचं नसतं," मी म्हटलं. "ती गाडीची जागा असते."

"मग गाडीसाठीच धरली की. मी काय तिथं संसार मांडणार होते?"

आणि खरं सांगायचं तर गाडी दाराशी लागल्याचा मला इतका आनंद झाला होता की माझं तत्त्वबित्त जिना चढेपर्यंत विरघळून गेलं. दुसऱ्या दिवशी गोदामातून निघताना मीच फोन केला, "आई, निघालोय." मग तो नेमच झाला. मेथी झाली, गवार झाली, मटाराचे दिवस आले. माझी गाडी रोज दाराशी. येणारे जाणारे वाहनवाले माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती नजर मला चांगली ओळखीची होती, कारण आजवर ती माझी होती.

आणि मग तो दिवस उजाडला. मी नेहमीप्रमाणे फोन करून निघालो आणि हायवेवर अडकलो. पुढं काहीतरी झालं असावं, गाड्या जागच्या हलेनात. तेवढ्यात बायकोच्या फोनवरून मुलीचा फोन.

"डॅडा, मम्माज वॉटर ब्रोक. अँड आजी इज शाउटिंग ॲट अ मॅन."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. काय चाललंय, कुठला माणूस, विचारेपर्यंत फोन कटला.

खाली काय घडलं ते मला नंतर सासूबाईंनी सांगितलं आणि मुलीनंही सांगितलं. दोघींच्या हकिकती सगळ्या जुळत नाहीत, पण मधलं खरं असं, की सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि तो पांढऱ्या गाडीवाला समोर येऊन थांबला होता. आधी त्यानं हॉर्न दिला, मग काच खाली केली. "माँजी, ये पार्किंग है, किचन नहीं." सासूबाईंचं उत्तर तयार होतं, "मेरा जावई आता है. मैं नहीं उठेगी." तो खाली उतरला. त्यांचा आवाज चढला. इतक्यात वरून मुलगी ओरडली, "आजी, कम फास्ट, मम्मा."

सासूबाई उठल्या. मटाराची परात त्यांनी त्या माणसाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ये पकडो. और गाडी चालू रखो. मेरी लडकी को दवाखाने में ले जाने का है." विचारलं नाही, सांगितलं. जागा सोडून त्या वर पळाल्या, तरी तो त्या जागेत गाडी घालायचं विसरून, परात धरून, तसाच उभा होता म्हणे. मग तोही पाठोपाठ वर गेला आणि दवाखान्याची बॅग उचलून खाली आला.

परत फोन वाजला. या वेळी सासूबाई होत्या, आणि स्पीकर चालू होता.

"जावईबापू, आम्ही निघालो. पांढऱ्या गाडीतून."

"कुणाच्या?"

"एक भाऊ आहेत. तुम्हाला ओळखतात म्हणे."

मागून तोच आवाज आला, "भाईजान, आप सीधा हॉस्पिटल आओ." आणि त्याच्याही मागून माझ्या बायकोचं कण्हणं. ते ऐकलं आणि मला बसवेना. मधूनच वेड्यासारखं हसू येत होतं. आज येणार, आजच येणार, असं मी मोठमोठ्यानं स्वतःशीच बोलत होतो. पुढची गाडी वीतभर सरकली की मीही वीतभर. मग माझा धीर सुटला. चारही दिवे लुकलुकत ठेवून मी जिथं फट दिसेल तिथं घुसायला लागलो. या लेनमधून त्या लेनमध्ये घुसणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. त्या संध्याकाळी मी घातल्या नाहीत, खाल्ल्या. कुणी काचेतून हात नाचवला की हात जोडायचो आणि पुढं घुसायचो.

दवाखान्याशी पोचलो तर पार्किंग फुल्ल. फाटकावरचा माणूस आतच सोडेना. मागच्या बाजूला जा, म्हणाला. मागच्या बाजूला काय असतं ते मला माहीत होतं. तिथंही चकराच असतात. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. इतक्यात पोर्चमधून तो पेशावरवाला धावत आला. काखेत अजून ती परात होती. त्यानं माझं दार उघडलं आणि हात पुढं केला.

"चाबी छोड़ो. ऊपर जाओ. यल्ला."

मागं गाड्यांची रांग लागली होती, हॉर्नचा नुसता गदारोळ उठला होता. ज्याच्याकडे मी कित्येक महिने ढुंकून बघितलं नव्हतं, त्याच्या हाती चालू गाडी सोपवून मी पळत सुटलो. लिफ्टची वाट बघायची ताकद नव्हती, जिन्यानंच गेलो.

वर दाराबाहेरच्या बाकावर आमची थोरली बसली होती. नर्सनं मला अडवलं. खोलीत एकालाच परवानगी, आणि एक जण आधीच आत होतं. मी दारातून बघितलं. पलंगाशेजारी सासूबाई बसल्या होत्या, लेकीचा हात दोन्ही हातांत घेऊन, ओठ पुटपुटत. पहिल्या वेळी तासगावला डॉक्टरांनी त्यांना बाहेरच बसवलं होतं. लेकीजवळ असायचं त्यांचं तेव्हाच राहून गेलं होतं, आणि महिनाभर त्या घरात हेच बोलत होत्या, या वेळी निदान दाराशी तरी उभी राहीन. आता त्या दारातून आत, अगदी उशाशी होत्या. त्यांना उठा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी मान वळवली. मला पाहिलं, आणि लगेच उठल्या.

"या, इथं बसा," म्हणाल्या. लेकीचा हात माझ्या हातात दिला, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि मागं न बघता बाहेर गेल्या. नर्सनं दार लावून घेतलं.

"गाडी कुठं लावलीस?" बायकोनं घामाघूम चेहऱ्यानं विचारलं.

"देऊन टाकली."

ती हसणार होती, पण कळ आली आणि तिनं माझी बोटं अशी पिळली की मीच ओरडलो. नर्स माझ्यावर रागावली. त्यानंतरचं मला नीट क्रमानं आठवत नाही. दे जोर, अजून थोडं, म्हणत मी त्या नर्सच्या बरोबरीनं ओरडत होतो आणि बायको मला गप्प बस म्हणत होती.

मुलगी झाली. आणि रडली. काय रडली. खणखणीत, मोकळ्या गळ्यानं, सगळी खोली भरून. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजाला वैतागलेला माणूस, पण तो आवाज माझ्या अंगभर गेला. हे हिचंच रडणं होतं, दुसऱ्या कुणाचं असायची शंकाच नव्हती. माझे डोळे वाहत होते आणि मला पुसायची शुद्ध नव्हती.

नर्सनं तिला कपड्यात गुंडाळलं, खांद्याशी धरून थोपटायला लागली. "बस बस, खलास, चुप," म्हणत तिला शांत करायला निघाली.

"सिस्टर, रोने दो थोड़ा," मी म्हणालो. "बाहर उसकी नानी बैठी है."