रिसेट शून्यावर की एकावर

सावंतवाडीत तळ्यामागच्या रस्त्यावर आमची छोटी कंपनी होती. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासळी कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र आम्ही बोटींसाठी बनवत होतो. यंत्राच्या पोटात एक चिप. तिने कसं वागायचं ते आम्ही तिघं आपापल्या फायलींत लिहायचो: मी, आरोंद्याची माझी सहकारी आणि पुण्याहून आलेले साहेब.

पुण्यात चार दिवस काढलेला माणूस कोकणात आला की त्याला वाटतं, इथल्यांना अक्षरओळख आपणच करून देणार. साहेबांनी आल्या आल्या जाहीर केलं, "तिघांची लिहिण्याची पद्धत एक पाहिजे." म्हणणं खरंच होतं. खरं म्हणणं वाया कसं घालवावं, ते मात्र त्यांच्याकडून शिकावं.

मीटिंगा सुरू झाल्या. नावं कॅपिटलमध्ये की स्मॉलमध्ये, यावर आठवडा गेला. ओळ आत सरकवायची ती टॅबने की स्पेसने, यावर दुसरा. मग फायलीच्या डोक्यावर * या चिन्हाच्या चांदण्यांची शोभेची चौकट आली. चौकटीची उजवी कड वाकडी दिसली म्हणून माझी फाइल परत आली. आतलं काही साहेबांनी वाचलंच नव्हतं.

सहकारी एकदा म्हणाली, "सर, कुठला सिग्नल शून्यावर चालतो आणि कुठला एकावर, ते नावावरूनच कळायला हवं."

"ते बारीकसारीक नंतर बघू," म्हणत साहेब पुन्हा चौकटीकडे वळले.

तिन्ही फायली जोडून तपासायला मग वेळच उरला नाही. यंत्र थेट मालवणात एका बोटीवर चढवलं. तारकर्लीसमोर साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. काळाच.

बोटीचा मालक वाकून बघत म्हणाला, "समुद्रात मासळी नाय, काय तुमच्या पेटयेत जीव नाय?"

साहेबांना बोट लागली. निदान ते तसं म्हणाले.

ऑफिसात परतल्यावर सहकारीने फायली शेजारी शेजारी उघडल्या आणि मला हाक मारली. "बघ रे. तुझो रिसेट शून्यावर, तेंचो एकावर. नाव मात्र दोघांचा एकच. चिप सुरू होतली कशी?"

नाव खरोखरच एकसारखं होतं, सुबक कॅपिटल अक्षरांत. रिसेट म्हणजे भागाला झोपवून ठेवणारा सिग्नल; 'आता जागा हो' म्हणून साहेबांचा भाग शून्य पाठवायचा, आणि माझ्या भागाला शून्य म्हणजेच झोप. चालू झाल्याबरोबर साहेबांचा भाग माझ्या भागाला कायमचा झोपवत होता.

तिने साधा नियम केला: शून्यावर चालणाऱ्या प्रत्येक सिग्नलच्या नावाअखेर 'एन' जोडायचा, आणि एकमेकांच्या फायली वाचल्याशिवाय जोडायच्या नाहीत. टॅब-स्पेसचं काम तिने संगणकाकडे सोपवलं. पुढच्या खेपेला पडद्यावर मासळी दिसली, आणि मालकाने आम्हाला नुसतं जेवू घातलं नाही, तर घरी न्यायला बांगडेही दिले.

साहेबांनी तो नियम टाइप करून भिंतीवर लावला, खाली स्वतःची सही करून. पुढे ते गोव्यात मोठ्या कंपनीत गेले. मुलाखतीत म्हणे त्यांनी सांगितलं, "तिथे शिस्त मी लावली." नोकरी लगेच मिळाली. अशांना ती मिळतेच.