चौथ्या पातळीवरची हजेरी

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी उज्वला गायधनी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसून कामांची यादी लावत होत्या. आजपासून सुरू होणाऱ्या स्प्रिंटची, म्हणजे पंधरवड्याच्या कामाची, बैठक थोड्याच वेळात होती. त्याआधी प्रत्येक काम आपल्या पातळीवर हवे. सर्वांत मोठे ते एपिक, त्याच्या पोटात फीचर, फीचरच्या पोटात स्टोरी, तळाशी टास्क. ही उतरंड सांभाळणे हीच त्यांची नोकरी. कंपनी द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी हजेरी आणि पाळ्यांचे सॉफ्टवेअर बनवते. मंडळी काहीही कुठेही टाकतात. बटणाचा रंग बदलायचे काम एपिक म्हणून येते आणि अख्खे पगारपत्रक टास्क म्हणून.

फोन वाजला. सायखेड्याच्या पॅकहाऊसमधल्या मुकादम सिंधुबाई होत्या. तक्रारीचा नंबर वेगळा आहे, पण त्या थेट उज्वलांनाच गाठतात.

“मॅडम, तुमचं मशीन आज बी म्हनतंय, लंकाबाई आली नाय. बाई माझ्यासमोर उभी हाय. चष्मा लावा त्याला.”

“अंगठा पुसून पाहिलात का?”

“पुसून काय व्हतंय? घड छाटून छाटून बोटाच्या रेषाच गेल्या. सोमवारच्या पाळीतून नाव उडंल ना तिचं?”

उडणार होते. आठवडाभर गैरहजेरी दिसली की यंत्रणा रविवारी रात्री नाव आपोआप काढते. कंपनीच्या कार्यालयातून एकदा हजेरी भरून दिली, तर रात्रीतून यंत्रणेने ती पुसून टाकली. उपाय साधा होता: अंगठा उमटला नाही तर मुकादमाला हजेरी लावता यावी.

“बघते,” म्हणून उज्वलांनी फोन ठेवला आणि ते काम शोधले. महिन्यापूर्वीच नोंदलेले होते. तेव्हा त्याच्या वर कोणतीही पातळी नव्हती, आणि असे काम यादीत लाल दिसते. लाल काही उरू द्यायचे नाही, हा कंपनीचा दंडक. विषय हजेरीचाच, म्हणून उज्वलांनी ते ‘चेहरा ओळखून हजेरी’ या एपिकच्या तळाशी टास्क म्हणून लावून टाकले. गेल्या आठवड्यात ते एपिक जूनवर ढकलले गेले. पोटातले सगळे त्याच्याबरोबर गेले. लाल काहीच दिसत नव्हते, त्यामुळे कोणी पाहिले नाही.

जूनमध्ये द्राक्षांचा हंगाम संपून पॅकहाऊस बंद असते.

उज्वलांनी ते टास्क बाहेर काढून स्वतंत्र स्टोरी केली. बैठकीत कोणते काम आधी, हे ठरवणारा महेश स्क्रीनवर वाचत म्हणाला, “उज्वलाताई, हे कालपर्यंत टास्क होतं. एकदम बढती?”

“चुकीच्या घरी दिलं होतं. मीच.”

“मग माहेरी परत आणलंत. पण या पंधरवड्याचं घर भरलंय. दुसरं काहीतरी काढा.”

हे काम करणारी प्रोग्रामर स्नेहल म्हणाली, “शनिवारपर्यंत देते ताई. पण तेवढा वेळ मोकळा करून द्या.”

तेवढ्या आकाराची एकच स्टोरी काढण्याजोगी होती: ग्राहकांचा साप्ताहिक अहवाल आपोआप तयार होण्याची. तो अहवाल उज्वला दर शुक्रवारी प्रत्येक पॅकहाऊसचे आकडे एकेक करून भरत बनवतात. ही स्टोरी त्यांनी स्वतःच लिहिली होती आणि ती आधीही दोनदा मागे पडली होती. त्यांनी ती यादीच्या तळाला ओढली.

“नक्की?” महेशने विचारले.

“नक्की. पुढचं घे.”

बैठक जेवणाची वेळ टळेपर्यंत चालली. नंतर त्यांनी सायखेड्याला फोन लावला. शनिवारी संध्याकाळी मशीनवर नवे बटण येईल, त्यावरून लंकाबाईची राहिलेली हजेरी रविवारी लावून टाका, असे सांगितले.

“दिसंल तवा खरं,” सिंधुबाई म्हणाल्या.

उद्या शुक्रवार. अहवाल दुपारी बारापर्यंत ग्राहकांकडे जावा लागतो, म्हणून उज्वला सकाळी साडेसातलाच आकडे भरायला बसतील.