काना मोडलेलं मशीन

"पुजलेल्या मशीनला हात लावला तुमी?"

हेडक्लार्कनी शिपायाकडून ओलं फडकं मागवलं. मी नुकताच ज्याच्यावरून उठलो होतो त्या टाइपरायटरचं एकेक बटण पुसून घेतलं. मी तिथंच उभा. सगळं ऑफिस बघत होतं. 

"तुमच्या लोकांनी देव सोडले ना? मग पूजेच्या वस्तूला शिवता कशाला?"

कोपरगावकडचा साखर कारखाना. साल बाहत्तर-त्र्याहत्तर. मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला टायपिस्ट. बॉयलर कसा पेटवायचा, वाफ कुठवर चढू द्यायची, हे इंग्रजी पुस्तकातून काढून कामगारांसाठी मराठीत लिहायचं आणि टाइप करायचं, हे माझं काम. पानं भरली तर कायम, नाहीतर घरी.

मराठी टाइपरायटर दोन. नवा हेडक्लार्कच्या भाच्याला, जुना मला. जुन्याचा काना मोडलेला. काना नसलेलं एक वाक्य मराठीत लिहून दाखवा! पान टाइप झालं की पेनानं काने भरत बसायचं. वरच्या प्रतीवर, मग खालच्या चार कार्बन प्रतींवर. भाच्याची दिवसाला बारा पानं, माझी चार.

दुरुस्तीचं बोललो, तर हेडक्लार्क म्हणाले, "नाचता येईना, अंगन वाकडं." मॅनेजरसाहेबांपुढं मात्र हळहळायचे. "पोरगं गरीब हाय, पन हात चालत न्हाई. सवलतीतनं आलंय."

लाज वाटते सांगायला, पण मला ते पटत चाललं होतं. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं आपटून मी सराव करायचो. आई म्हणायची, "जेव की नीट."

खंडेनवमीला नव्या मशीनला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. माझ्या मशीनकडं कुणी फिरकलं नाही. दसरा झाला, भाचा गावाहून परतला नव्हता. मी त्याच्या खुर्चीत बसलो. दुपारपर्यंत चौदा पानं झाली. चौदा! आनंदानं रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात हेडक्लार्क आले, आणि ते ओलं फडकं.

फडकं फिरत होतं तेव्हा माझं डोकं पेटलं. माझे हात धड होते. पाच महिने मला मुद्दाम लंगडं ठेवून पळायला लावलं होतं.

जुनं मशीन उचललं. जड होतं. साहेबांच्या टेबलावर आदळलं, शेजारी ती चौदा पानं ठेवली.

"साहेब, यावर एक ओळ टाइप करून दाखवा."

साहेबांनी मशीनकडं पाहिलं, हेडक्लार्ककडं पाहिलं. "जरा सांभाळून घ्या," म्हणाले. मलाच.

"न्हाई घेनार. उद्यापास्नं यातनं जसं उमटंल तसं पान देईन. पेनानं एक काना भरनार न्हाई."

तसंच केलं. महिना भरला तेव्हा घरी पाठवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझी चौदा पानं मात्र त्यांनी ठेवून घेतली.

तेव्हापासून कुणी माझं काम मोजायला आलं, की मी आधी विचारतो, मशीन कोणतं दिलं होतं? उत्तर मिळाल्याशिवाय मोजू देत नाही.