पाटीवरचा मुजोर

मटका तडकणार, हे मी आधीच सांगितलं होतं. कोणी खरं मानलं नाही. आमच्या कामात असे किस्से पिठासारखे साचतात. किती झटका, पदराला थोडे राहतातच.

नागपूरच्या मनीषनगरात प्रकाशभाऊंच्या केटरिंगमध्ये मी आणि शांताबाई लांब रोट्या करतो. चुलीवर उलटा मटका, मटक्यावर रोटी. भाऊंचा आवडता शब्द मुजोर. सांगितलेलं ऐकलं नाही की मुजोर. मालकानंच ऐकलं नाही तर त्याला काय म्हणायचं, हे आम्हाला चौथीपर्यंत तरी शिकवलं नव्हतं.

भाऊंनी चुलीजवळ एक पाटी टांगली. जो मुजोर, त्याचं नाव पाटीवर. तीनदा आलं की घरी, कायमचं. लिहायचं काम भाऊंच्या बायकोकडे, वहिनींकडे, अक्षर चांगलं म्हणून.

*

पहिलं नाव माझं. कणीक मुरली नाही, थोडं थांबा, एवढंच म्हटलं होतं. भाऊंना घाई. रोटी हातावर ताणली तर टराटरा फाटली.

मी म्हटलं, "आता कणकीचं बी नाव लिवा."

दुसरं नावही माझंच.

*

मग प्लास्टिकचे ग्लोव्हज आले. हे घालून रोटी ताणता येत नाही, मटक्याला चिकटतात, असं शांताबाई म्हणाली. तिचं नाव पाटीवर. तिनं मुकाट ग्लोव्हज घातले आणि पहिली रोटी भाऊंच्याच ताटात वाढली.

दुसऱ्या घासाला भाऊ थांबले. तोंडातून ग्लोव्हजचं बोट काढलं.

"हे काय आहे वं?"

"तुमचंच ऐकलं ना, भाऊ."

*

भाऊंच्या पुतणीच्या लग्नात बायकांनी वहिनींना नाव घ्यायला लावलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. पाणी आणते म्हणून उठल्या, त्या पंगत उठेपर्यंत पाणीच आणत राहिल्या.

भाऊ म्हणाले, "आमची बायको बी मुजोरच."

पाटीवर मात्र काही आलं नाही. लिहिणार कोण?

*

मग कामठीचं लग्न. पाहुण्यांसमोर बसून रोट्या करायच्या. भाऊंनी आदल्या दिवशी कोरा मटका आणला.

मी म्हटलं, "भाऊ, याले रातभर पाण्यात राहू द्या. नाही तं तडकते."

"पाण्यानं डाग पडते. अजून एक शब्द बोलली तं तिसरं नाव."

घरी कमावणारी मी एकटी. मटका कोरडाच बांधून ठेवला.

लग्नात नवरदेवाच्या वडिलांची रोटी मटक्यावर टाकली आणि मटक्याचे दोन तुकडे झाले. अर्धी रोटी चुलीत. भाऊंनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं. ही बाई ऐकतच नाही, म्हणाले.

परत आल्यावर मी माझा डबा पिशवीत भरला. शांताबाई विझलेल्या चुलीकडे पाहून राहिली होती.

भाऊंनी वहिनींना हाक मारली. "लिव. तिसरं नाव."

वहिनींनी खडू घेतला. "अहो, सांगितलेलं ज्यानं ऐकलं नाही, त्याचंच लिवाचं ना?"

"हो, त्याचंच."

वहिनींनी आधी पाटी पुसली. मग मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं: प्रकाश.