रंग जरा फिका आहे

बदलापूरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी समोरच्या दारातले टिपणीसकाका "काही मदत हवी का" असं विचारायला आले आणि दहा मिनिटांत आमचा अख्खा फ्लॅट नापास करून गेले. फरशीचा उतार मोरीकडे नाही, हॉलकडे आहे. दाराचं लाकूड ओलं असताना बसवलंय. नळ फार चकचकीत आहेत, म्हणजे आतून हलके असणार. मी रडकुंडीला आले. आयुष्याची कमाई ओतून घेतलेलं घर, आणि हा कोण गृहस्थ बनियनवर शर्ट चढवून आलेला! शेवटी माझ्या हातचा चहा प्यायले, रिकामा कप उलटा करून बुडावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि म्हणाले, "चहा बरा आहे."

या माणसाशी आपलं काही जमायचं नाही, असं मी नवऱ्याला तेव्हाच सांगून टाकलं. पुढे कळलं की 'बरा' ही काकांकडची सर्वात मोठी पदवी होती आणि ती मला पहिल्याच दिवशी मिळाली होती. त्यांच्या सख्ख्या मुलाला, मुकुंदला, ती इंजिनिअर होऊनही मिळाली नव्हती.

काका आनंदनगरच्या एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी अधिकारी होते. नोकरीभर त्यांनी एकच व्रत पाळलं. "आवडलं हे तोंडावर दिसलं, की भाव वाढला," ते मला बजावायचे. "माल बघताना चेहरा कसा हवा मीनल? सुतकात बसल्यासारखा." त्यांच्या टेबलासमोर बसलेला पुरवठादार आपला माल भंगार आहे अशी खात्री पटवून घेऊनच उठायचा म्हणे. कारखान्याचं त्यात भलंच झालं असेल. पण तो चेहरा काकांनी संध्याकाळी शर्टाबरोबर खुंटीला टांगायला हवा होता. ते तो घरीही घालूनच वावरायचे.

लग्नासाठी काकूंना बघायला गेले तेव्हाची गोष्ट काकू हसत हसत सांगायच्या. मुलगी बघताक्षणी पसंत पडली होती, आणि स्वारी म्हणाली काय, तर "पोह्यांत मीठ कमी आहे." काकूंच्या वडिलांनी नकार समजून दुसरं स्थळ बघायला घेतलं. काका घरी दोन दिवस जेवले नाहीत, म्हणून त्यांच्या आईला संशय आला आणि तिनं माणूस पाठवून बोलणी पुन्हा जुळवली. निवृत्तीच्या समारंभात कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी ते स्टेजवरच उलटं केलं, मागचं झाकण तपासलं आणि माइकवर बोलले, "घड्याळ ठीक आहे. कोणाकडून घेतलं? महाग पडलं असणार." चामटोलीहून भाजी घेऊन येणारी बाई तर त्यांच्या दारात पाटी उतरवतानाच म्हणायची, "काका, आधी नावं ठेवून घ्या, मंग भाव सांगतंय."

निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत जातात. काकांनी मागच्या खोलीत प्लायवूड टाकून रूळ अंथरले. लहान मुलांच्या खेळण्यातले नव्हेत. खऱ्या गाडीचं हुबेहूब छोटं रूप चालवायचा शौक असतो ना, तो. ही आवड लहानपणापासून मनात होती, पण आवडलं हे तोंडावर दिसू द्यायचं नाही ना, त्यामुळे साठ वर्षं कोणाला पत्ता नव्हता! दोन वर्षांत त्यांनी अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतची लाइन उभी केली. पुठ्ठ्याची स्टेशनं, भुशाचं गवत, मागे प्लास्टरचा डोंगर, फाटकात थांबलेली चिमुकली रिक्षा. सगळं होतं. फक्त इंजिन नव्हतं.

तसं एक आणलं होतं. सुरुवातीला, मोहात पडून, पेटीवरचं चित्र बघून. त्याला शिट्टी होती, धूर होता, तीन रंगांचे दिवे होते. पहिल्याच वळणावर त्यानं रूळ सोडले आणि सरळ पलंगाखाली गेलं. नंतर काकू ते गच्चीवर पापड उडू नयेत म्हणून ठेवायच्या. तेव्हापासून काका सावध झाले. बजेट काकूंनी ठरवून दिलेलं होतं, ते वाढणार नव्हतं. त्या बजेटात उत्तमातलं उत्तम इंजिन कसं निवडायचं, यावर त्यांनी जे चिंतन केलं तेवढं मुकुंदसाठी मुलगी बघतानाही केलं नव्हतं.

ते चिंतन मला तोंडपाठ आहे, कारण ऐकायला मीच होते. "आधी गेज जुळव, मग पत्रिका बघ. रुळांतलं अंतरच वेगळं असेल तर रूप काय चाटायचंय? मग हातात घे. हलकं लागलं तर ठेवून दे. वजन नसेल तर चढावर चाकं नुसती फिरणार. मग उलटं कर. वरचा रंग गिऱ्हाइकासाठी असतो, खालचे गिअर मालकासाठी. सुटे भाग मिळतात का ते विचार, नाहीतर एका चाकासाठी म्हातारपणी वणवण. दिवे, शिट्टी, धूर ही लग्नातली वाजंत्री, नवरा वेगळा असतो. डबे स्वस्तातले घे, चालेल. पैसा घालायचा तो इंजिनात. आणि शेवटची परीक्षा म्हणजे हळू चालवून बघ. जोरात काय, कोणीही पळतं. हळू चालताना जे आचके देत नाही, ते इंजिन." मी एकदा म्हटलं, "काका, नवीनच घ्यायचं तर बजेटात बसत नाही, मग?" त्यावर म्हणाले, "नवीन हलकं घेण्यापेक्षा जुनं चांगलं घ्यावं. वापरलेलं म्हणजे कोणीतरी आधीच तपासलेलं."

असं जुनं चांगलं इंजिन उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये सापडलं. हीरानंद शेठ यांचं खेळण्यांचं दुकान होतं, आणि कोणा हौशी माणसाच्या घरातून आलेला जुना विदेशी माल त्यांनी मागच्या कपाटात ठेवला होता. मी माझ्या स्कूटीवर काकांना घेऊन गेले. शेठनी कपाटातून एक हिरवं इंजिन काढलं. धातूचं, चांगलं वजनदार. काउंटरवरच्या हातभर रुळावर ठेवून बटण अगदी किंचित फिरवलं. काय सांगू! ते इंजिन असं निघालं, की निघालं हे कळायलाच दोन क्षण लागले. ना आचका, ना घरघर. पोटुशी बाई जिना उतरते तसं जपून, ठाम चालत ते टोकापर्यंत गेलं.

मी काकांकडे बघितलं. कान लाल झाले होते. काउंटरखाली त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. आणि तोंड? सुतकातलं.

"रंग जरा फिका आहे," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी उसाचा रस मागवला आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या गोंगाटात, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मीनल, हेच." डोळ्यांत पाणी होतं हो त्या माणसाच्या! मी म्हटलं, "मग चला ना आत, घेऊन टाकू." तर म्हणाले, "वेडी आहेस का? आज घेतलं तर त्याला कळेल."

मग दर शनिवारी आमची वारी सुरू झाली, ती कॅम्प पाचला. दर शनिवारी काका ते इंजिन चालवून बघायचे, आणि दर शनिवारी एक नवी खोड काढायचे. पुढचा बफर वाकडा आहे. चाकांवरचा मुलामा गेलाय. डबा जोडायचा आकडा जुन्या पद्धतीचा आहे. मोटर म्हातारी आहे. सुटे भाग आता कोण देणार? खोड खरी असायची, हे कबूल करायला हवं. काका खोटं कधी बोलले नाहीत. खरं तेवढं अर्धंच बोलायचे. शेठ बिचारे चष्मा लावून प्रत्येक खोड बघायचे, "हां साईं, ये तो मैंने देखाही नहीं था," म्हणायचे आणि भाव थोडा उतरवायचे. एका शनिवारी भाव बजेटात येऊन बसला. मी काउंटरखालून काकांना कोपर मारलं. त्यांनी उत्तर दिलं ते शेठना: "बघू. विचार करतो." रस्त्यात माझ्यावरच डाफरले. "घाई नडते तुम्हा लोकांना. अजून एक चक्कर. गडी मोडत आलाय."

पुढच्या शनिवारी कपाटातली ती जागा रिकामी होती.

शेठनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. चेहऱ्यावर पुण्य केल्याचा आनंद! "टिपणीस साहेब, आपकी बात मेरे दिल को लगी. इतने महिने आप बोलते रहे, मैं समझाच नाही. परवा एक माणूस आला. इंजिन चाललं आणि तो असा ओरडला, वा वा, काय चीज आहे! मी म्हटलं, साईं, रुको. बफर वाकडा आहे, चाकं घासलीत, मोटर म्हातारी, रंगसुद्धा फिका. आप जो जो बोले थे, सब बता दिया. झूठ बोलके धंदा नाही करत मी. तो म्हणाला, चालेल, मला आवडलंय. मग मलाच शरम वाटली. तुम्हाला सांगितलेल्या भावापेक्षा पण कमी करून देऊन टाकलं." मग शेठ काकांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आपको ऐसा माल बेचता तो मैं मुंह कैसे दिखाता?"

काकांनी चहा संपवला. कप उलटा करून बघितला नाही. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. म्हणजे बघा, महिनोन् महिने घासाघीस केली काकांनी, भाव पाडला काकांनी, आणि इंजिन घेऊन गेला तो कोण, तर ज्याला चारचौघांत "वा" म्हणायची लाज वाटली नाही तो! परतीच्या वाटेवर काकांनी एकही खोड काढली नाही. एरवी अंबरनाथ येईपर्यंत माझ्या ब्रेकना, टायरांना, रस्त्याच्या डांबराला नावं ठेवून व्हायची. घराखाली उतरल्यावर हेल्मेट काढत एवढंच म्हणाले, "त्याला खरंच वाटलं गं, मला आवडलं नाही."

महिनाभर मागच्या खोलीचं दार बंद होतं. मग शेठचाच निरोप आला की एक साधं डिझेल इंजिन आलंय, बघून जा. गेलो. इंजिन ठीक होतं. वजन बेताचं, चाल बरी, सांध्यावर किंचित आचका. काकांनी ते उलटंपालटं केलं, हळू चालवलं, पुन्हा चालवलं. मी आता खोडीची वाट बघत होते. काकांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी दात काढायला बसल्यासारखे डोळे मिटून म्हणाले, "शेठ, छान आहे. मला आवडलं."

शेठ हादरले. टिपणीस साहेबांना आवडलं म्हणजे यात काहीतरी जबरदस्त असणार, जे आपल्याला दिसलेलं नाही! त्यांनी इंजिन घाईघाईनं काकांच्या हातातून काढून घेतलं, चष्मा लावला, उजेडात नेऊन निरखलं आणि चाचरत म्हणाले, "साईं, भाव थोडा... मैंने जल्दी में कम बोल दिया था." काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघ, जन्मभर हेच सांगत होतो ना! आणि मुकाट्यानं वाढीव भाव दिला. बजेट मोडलं. वर शेठचे आभारही मानले.

काका जाऊन आता वर्ष होत आलं. लोक त्यांच्या खोडींचे किस्से सांगतात, मीही सांगते. पण मला आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. काकांनी इंजिनाला दोन डबे जोडले. अंबरनाथहून गाडी सुटली, डोंगराला वळसा घालून बदलापूरला आली आणि प्लॅटफॉर्मवर नीट थांबली. मी टाळ्या वाजवल्या, तशी काकांनी गाडी उलटी अंबरनाथकडे सोडली. काकू तोंड गोड करायला शिऱ्याच्या बशा घेऊन आल्या. काकांनी एक घास खाल्ला आणि, दुकानात एकदा जमलं होतं म्हणूनच बहुधा, म्हणाले, "सुमन, शिरा छान झालाय."

काकूंनी बशी खाली ठेवली, पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "मीनल, जरा तुझं बीपीचं मशीन आण गं."

"मला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "छान झालाय. नेहमीच होतो. तू केलेलं सगळंच होतं."

मी हसत होते. काकू हसत नव्हत्या. पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "मग पुरणपोळी का आवडत नाही तुम्हाला?"

"कोण म्हणालं आवडत नाही? तूच करत नाहीस! मला वाटलं, तुझे हात दुखतात. दर होळीला वाट बघतो मी."

"मुकुंदच्या मुंजीनंतरच्या होळीला तुम्ही म्हणालात, कड जाड झालीय. पुढच्या वर्षीही तेच म्हणालात. म्हटलं, कशाला उगाच तुम्हाला नावडतं खायला घालायचं. तेव्हापासून नैवेद्यापुरत्या दोन बाहेरूनच आणते मी."

मुकुंदच्या डोक्यावर आता केस उरलेले नाहीत. इतक्या होळ्या.

काकांनी बटण बंद केलं. गाडी डोंगराशी थांबली. ते काकूंकडे वळले. तोंडावरचा तो जन्माचा चेहरा कुठे गेला होता कोण जाणे. साधं म्हातारं, रडवेलं तोंड होतं ते.

"कड जाड नव्हती गं," काका म्हणाले. "कधीच नव्हती."